शून्य तक्रारींची गल्ली

यादी वॉर्ड ऑफिसच्या बाहेर फळ्यावर लावली होती. वर ठळक अक्षरांत 'राहण्यास योग्य वस्ती : गुणानुक्रम'. टिचकीमावशीने आपली गल्ली वरून शोधायला सुरुवात केली. पहिल्या दहांत नसणार हे तिला ठाऊक होतं, ती काही वेडी नव्हती. पण विसाव्या-पंचविसाव्या ओळीत तरी भेटेल अशी तिची अटकळ होती. भेटली ती शेवटच्या ओळीत. एकसष्ट वस्त्यांपैकी एकसष्टावी. पुढे लाल शाईत एक चांदणी, आणि चांदणीचा अर्थ अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'राहण्यास अयोग्य. रहिवाशांचे स्थलांतर प्रस्तावित.'

"अरे मेल्यांनो!" मावशी फळ्यालाच म्हणाली. मागे उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरकला.

टिचकीमावशी हे नाव तिला गल्लीने दिलं होतं. कपबश्यांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. भट्टीतून आलेला कप डाव्या हातावर धरायचा, उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. तो कप टोपलीत. ती निवृत्त झाली तरी बोट काही निवृत्त झालं नाही. भिंत, दार, पाण्याचा पाइप, नव्या भाडेकरूचं कपाट, दिसेल त्याला ती टिचकी मारून बघायची. "मावशी, आमच्या ह्यांनाही एक मारून बघा ना," असं बायका म्हणायच्या. मावशी म्हणायची, "कशाला? लांबूनच ऐकू येतंय."

तर ही बाई तशीच तरातरा ऑफिसात शिरली.

पाहणी अधिकारी तरुण होता, चांगल्या घरचा, बोलायला लोण्यासारखा. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही, आणि म्हणून राग दुप्पट येतो. त्याने मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"हे बघा मावशी, आम्ही आमच्या मनाने काहीच ठरवलं नाही. वस्ती राहायला चांगली की वाईट, हे तिथे राहणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त कळतं, बरोबर? म्हणून शंभरातले साठ गुण तक्रारींवर ठेवले. जितक्या तक्रारी जास्त, तितकी वस्ती वाईट. तुमच्या गल्लीतून चार वर्षांत चारशे सतरा आल्यात."

"त्या माझ्या आहेत."

"हो, सगळ्या तुमच्याच नावाने आहेत," तो आदराने म्हणाला. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज तिने खालीच ठेवला, कारण कारखान्यात ती एक गोष्ट शिकली होती. मुकादमाशी भांडताना हातात फुटका कप असावा लागतो.

"चारशे सतरांतल्या तीनशे शहाण्णव मिटल्या. माझ्याकडे प्रत्येकीची प्रत आहे. दिवा गेला, मी लिहिलं, दिवा आला. कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा यायची, आता रोज सकाळी सातला येते. पाणी गढूळ यायचं, आता तुमच्या साहेबाच्या घरी येत नसेल इतकं स्वच्छ येतं. ते कुठे धरलंत?"

अधिकाऱ्याने पडद्यावर वर-खाली शोधलं. खरंच शोधलं, उगाच नाटक नाही केलं.

"मिटलेल्या तक्रारींचा रकाना नाहीये, मावशी."

"रकाना नाही?"

"फॉर्म वरून आलाय."

"आणि पहिला नंबर कुणाचा?"

"टेकडीवरची नवी वसाहत. चार वर्षांत शून्य तक्रारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टेकडी चढली. सोबत धाकट्या जावेला घेतलं. ही जाऊ तिच्या शेजारच्याच घरात राहायची आणि पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. नऊ पोरं, सगळी गल्लीतली आणि आजूबाजूची. तिला एक तास सोडवून आणणं म्हणजे नऊ आयांची समजूत काढणं, पण मावशी हट्टाला पेटली होती.

वसाहतीला फाटक होतं, फाटकाला पितळी अक्षरं होती, आत गवताचा तुकडा होता आणि गवतावर 'चालू नये' अशी पाटी होती. मावशीने जिन्याच्या भिंतीला टिचकी मारली. बद्द. मग एका खांबाला मारली. गिलावा हातात आला. लिफ्टच्या दाराला दोरी बांधली होती, आणि दोरीवर इतकी धूळ होती की ती दोरी बांधणाऱ्याला आता नातवंडं झाली असतील.

"इथे कुणीच तक्रार करत नाही का हो?" मावशीने पहारेकऱ्याला विचारलं.

"कोण करणार?" तो म्हणाला. "साठ घरं आहेत, राहतात नऊ. बाकीच्यांनी घेऊन ठेवलीत. आणि ते नऊही घर विकायच्या खटपटीत. तक्रार केली तर गिऱ्हाईक पळेल ना!"

परत येताना जाऊ हसत होती. मावशी हसत नव्हती. "तिथे माणूसच राहत नाही, म्हणून ती जागा राहायला उत्तम," ती म्हणाली. "आणि आपण राहतो, म्हणून आपली अयोग्य. यांच्या डोक्याला मी टिचकी मारली तर काय वाजेल, सांग."

"पण ताई," जाऊ जपून म्हणाली, "ते आपल्याला खरंच हलवणार का हो?"

हलवणार होते. शहराबाहेर, जुन्या खाणीच्या पलीकडे, बसला सव्वा तास. तिथे जावेचं पाळणाघर चालणार नव्हतं, कारण पोरांच्या आया कामाला इथेच होत्या. आणि जावेचं दुसरं काही नव्हतं. नवरा होता, पण तो असून नसल्यासारखा, लांबच्या जहाजावर.

गल्लीची बैठक मास्तरांच्या घरी भरली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण गल्लीने त्यांना अजून रजा दिली नव्हती; कुठलंही बोलणं करायचं तर मास्तरच पुढे. त्यांनी वॉर्ड ऑफिसात दोन खेपा घातल्या होत्या आणि एक कागद घेऊन आले होते.

मावशीला वाटलं, आता गल्ली पेटून उठणार. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यातला एकही माणूस असा नव्हता ज्याने कधी ना कधी तिच्या दारात येऊन "मावशी, लिहा ना" म्हटलं नव्हतं. इस्त्रीवाल्याच्या दुकानापुढची तुंबलेली गटारं तिने नऊ वेळा लिहिली होती. मास्तरांच्या खिडकीवर लोंबणारी विजेची तार सहा वेळा. पण आज सगळे जमिनीकडे बघत होते.

"त्या अधिकाऱ्याने एक वाट सुचवलीय," मास्तर म्हणाले. "भला माणूस आहे. सगळ्या तक्रारी एकाच नावाने आहेत. त्या व्यक्तीने असं लिहून दिलं की... म्हणजे हा नुसता औपचारिकपणा आहे, बरं का मावशी... की या तक्रारी सवयीने केल्या, तर त्या सगळ्या एकदम रद्द होतात. गल्लीच्या नावावर शून्य. स्थलांतर बारगळलं."

कागद मावशीच्या हातात आला. तिने तो मोठ्याने वाचला, कारण मनात वाचला असता तर तिचा तिलाच विश्वास बसला नसता. "'मी, खाली सही करणारी, असे लिहून देते की माझ्या नावे नोंदवलेल्या सर्व तक्रारी मी सवयीने, गैरसमजातून आणि मनःस्थिती ठीक नसताना केल्या असून प्रत्यक्षात अशी कोणतीही अडचण गल्लीत नव्हती. यापुढे माझ्या नावाने आलेली तक्रार स्वीकारू नये.'"

कुणी खोकलं. इस्त्रीवाला आपल्या नखांकडे असा बघत होता, जणू ती आजच उगवली होती.

"म्हणजे मी वेडी," मावशी म्हणाली.

"कागदावर फक्त," मास्तर म्हणाले.

"सगळ्या तक्रारी? पहिलीसुद्धा?"

आता तर कुणी खोकलंही नाही. पहिली तक्रार कसली होती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोरच्या गटाराचं झाकण फुटलं आणि पालिकेची माणसं तुकडे उचलून घेऊन गेली. एकोणीस दिवस झाले तरी ते भोक उघडंच होतं. सगळे वळसा घालून जायचे. मास्तर वळसा घालायचे, जाऊ घालायची, इस्त्रीवाला तर गिऱ्हाइकांना दुकानातूनच ओरडून सांगायचा, "जरा कडेने!" मावशीचा नवरा विसाव्या दिवशी संध्याकाळी दूध घेऊन येताना त्यात गेला. खुबा मोडला, दोन महिने अंथरुणावर काढले, छातीत पाणी झालं आणि माणूस गेला. भोक तेव्हाही उघडंच होतं. तो गेल्यावर चौथ्या दिवशी मावशीने कागद घेतला आणि लिहिलं: 'झाकण नाही.' ती तक्रार क्रमांक एक. आठवड्याभरात झाकण बसलं. एक कागद. एवढंच लागणार होतं.

आणि मावशीला रात्रंदिवस जे खायचं ते वेगळंच होतं. एकोणीस दिवस तीही वळसा घालूनच गेली होती. जिने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कपांत केसाएवढ्या चिरा शोधल्या, तिला दीड फुटाचं भोक रोज दिसत होतं आणि तिने त्याला वळसा घातला. बाकीच्यांवर ती रागावली होतीच, पण त्या रागाच्या बुडाशी हा दुसरा राग होता, आणि त्याचं ती कुणाला काही बोलली नव्हती.

"पहिली तेवढी वगळा," ती म्हणाली. "बाकीच्या चारशे सोळा खोट्या म्हणून लिहून देते. ती एक राहू दे."

"मी विचारलं होतं," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "एक-एक वगळता येत नाही म्हणे. सगळ्या नाहीतर एकही नाही."

मावशी कागद तिथेच टाकून निघून आली. दार लावून बसली. तासाभराने जाऊ आली, हातात तोच कागद. ती उंबऱ्यावरच बसली. भिंतीपलीकडून पाळणाघरातलं एक पोर दुसऱ्याचं काहीतरी हिसकावत होतं आणि दोघंही बोंबलत होती.

"बोल की," मावशी म्हणाली.

"काय बोलू? तुम्हाला सगळं कळतंय." जावेने कागद पुढे केला. "ताई, मी भावोजींना विसरले नाही. पण माझं घर जाईल हो. तुमचंही जाईल."

"पेन आण."

मावशीने सही केली. तिचं अक्षर खरंच सुंदर होतं, आणि त्या दिवशीसुद्धा ते बिघडलं नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. कागद जावेच्या अंगावर भिरकावत ती म्हणाली, "घे. आता तुझी जाऊ वेडी आणि तुझा दीर आपल्याच पायात पाय अडकून मेला. गल्लीत भोक नव्हतंच कधी."

महिन्याभरात नवी यादी लागली. गल्ली एकसष्टाव्या नंबरावरून दुसऱ्यावर गेली. आदल्या यादीत जी जागा राहण्यास अयोग्य होती ती एका सहीने उत्तम झाली. एक वीटसुद्धा हलली नाही. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला. पालिकेकडून 'उत्तम वस्ती' अशी पाटी येणार होती, ती लावायला अधिकारी स्वतः येणार होता, आणि पाटी लागली की तीन वर्षं कुणी हात लावू शकणार नव्हतं. मावशी चहाला गेली नाही. तिने प्रतींचा गठ्ठा कपाटावर टाकला. कुणी "मावशी" म्हणून हाक मारली की ती "कागदावरच्या मावशीला विचारा" म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

पाटी लागायला सोळा दिवस होते तेव्हा एक वाळूचा ट्रक चुकून गल्लीत शिरला, आणि इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोरचं झाकण मधोमध तडकलं. पालिकेची माणसं आली, तुकडे उचलले, "नवं आणतो" म्हणाली आणि गेली.

पहिल्या दिवशी मावशी खिडकीतून बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही. लोक वळसा घालत होते. अगदी तोच वळसा, त्याच कडेने, जणू चार वर्षं पाय त्याचीच वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊ नऊ पोरांना दोरीला धरून बागेत घेऊन निघाली. भोकापाशी आल्यावर म्हणाली, "चला, कडेने, कडेने." शेवटचं पोर, तीन वर्षांचं, दोरी सोडून आत वाकून बघायला लागलं. जावेने त्याला दंडाला धरून ओढलं.

मावशी चपला घालून सरळ वॉर्ड ऑफिसला गेली. खिडकीवरच्या कारकुनाने तिचं नाव टाइप केलं आणि मान हलवली.

"या नावाने घेता येत नाही, मावशी. बंद दाखवतंय."

"मी बंद असेन. भोक उघडं आहे. ते बघ की जाऊन."

"दुसऱ्या कुणाच्या नावाने द्या ना. कुणीही चालेल."

कुणीही चालेल! मावशी दारोदार गेली. इस्त्रीवाला म्हणाला, "मावशी, माझ्याच दुकानासमोर आहे, मला का कळत नाही? पण आत्ता तक्रार गेली तर पाटी जाईल." मास्तर म्हणाले, "थोडे दिवस फक्त. एकदा पाटी लागू दे, मग मी स्वतः लिहितो." आणि जाऊ म्हणाली, "मी पोरांना कडेने नेते, ताई. मी लक्ष ठेवते."

"मीही ठेवलं होतं लक्ष," मावशी म्हणाली. "एकोणीस दिवस." तोंडातून निघून गेलं, आणि मग ती उत्तराची वाट न बघता घरी आली.

ती दिवस मोजत होती. सात. दहा. तेरा. पाटीचा दिवस सोळावा.

त्या दिवशी सकाळी गल्ली धुऊनपुसून लखलखीत केली होती. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आणि भोकावर प्लायवूडचा एक तुकडा ठेवून त्यावर चटई अंथरली होती, चटईवर फुलझाडाची कुंडी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय हौशी माणसं आहेत.

मावशी चालत गेली, खाली वाकली, कुंडी बाजूला केली, चटई उचलली आणि प्लायवूडला टिचकी मारली.

गल्लीतल्या सगळ्यांना तो आवाज ऐकू आला, निदान मावशीला तरी तसं वाटलं. बद्द. ओलं, पोकळ, मेलेलं लाकूड. यावर एक पोर उभं राहिलं तरी आत गेलं असतं, आणि पोरं उभी राहणारच होती, कारण कुंडीला फुलं होती.

"कुणी ठेवलं हे?" ती ओरडली. "आधी निदान भोक दिसत तरी होतं! निदान कळत होतं की इथे मरण आहे! आता त्यावर फुलं ठेवलीत?"

तिने प्लायवूड उचलून इस्त्रीवाल्याच्या पायरीवर आपटलं. त्याचे तिथेच दोन तुकडे झाले. मग ती घरात गेली, नवऱ्याची हातांची खुर्ची घेऊन आली, चार पाय भोकाच्या चार बाजूंना टेकवले, आणि वर बसली.

"मावशी, उठा," मास्तर कळवळून म्हणाले. "ते आलेत. फाट्यावर गाडी लागलीय."

"येऊ दे."

"तुम्हाला काय हवंय काय?"

"मला काहीच नको. मी वेडी आहे, तुम्हीच लिहून घेतलंय. वेड्या बायका कुठेही बसतात."

अधिकारी आला. मागे पाटी धरलेले दोघं आणि एक फोटो काढणारा. रस्त्याच्या मधोमध खुर्चीवर बसलेली बाई बघून तो थबकला, पण ओळखून हसला. "मावशी! बऱ्या आहात ना? इथे मधेच बसलात?"

"वाऱ्याला बसलेय."

"अडचण नाही ना काही?" हे त्याने मावशीला नाही, सगळ्यांना विचारलं. विचारायची रीत होती म्हणून. हातातल्या फॉर्मवर तेवढा एक रकाना होता. "कुणाची काही तक्रार?"

सगळी गल्ली तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. मास्तर सदऱ्याची बटणं चाचपत होते. इस्त्रीवाला दुकानात गेला आणि थंड इस्त्री एका आधीच इस्त्री केलेल्या शर्टावर फिरवायला लागला. जाऊ पाळणाघराच्या दारात उभी होती, एक पोर कडेवर, बाकीची तिच्या पायांशी.

मावशीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चार वर्षांत हीच तोंडं तिच्या दारात किती वेळा आली होती. हिला लिहायला लावायचं, हिला भांडायला लावायचं, हिच्या नावाने दिवे लावून घ्यायचे, आणि नाव खराब झालं की हिचंच.

ती उठली. खुर्ची उचलली आणि दोन पावलं बाजूला जाऊन उभी राहिली.

भोक उघडं पडलं. काळं, खोल, आत कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज. पाटी धरलेला एक जण झटकन मागे सरला. अधिकाऱ्याच्या बुटाचं टोक भोकाच्या काठापासून वीतभर होतं.

"बापरे," तो म्हणाला. "हे केव्हापासून आहे असं?"

मावशी बोलली नाही. तिने ओठ गच्च मिटले होते. बोलायचा हक्क तिने सही करून दिला होता, आणि आता तो ती फुकटात परत घेणार नव्हती.

"केव्हापासून?" त्याने पुन्हा विचारलं.

तेवढ्यात जावेच्या पायाशी असलेलं ते तीन वर्षांचं पोर पुढे धावलं. कुंडीतलं फूल त्याला हवं होतं. कुंडी भोकाच्या पलीकडे होती, आणि पोरं वळसा घालत नाहीत.

मावशी आणि जाऊ दोघी एकदमच झेपावल्या. मावशीच्या हाताला शर्टाची कॉलर लागली, जावेच्या हाताला एक पाय. पोर मधल्यामध्ये लोंबकळलं आणि रडायला लागलं. त्याची एक चप्पल खाली गेली. ती पाण्यात पडल्याचा आवाज यायला वेळ लागला.

जाऊ पोराला छातीशी धरून रस्त्यातच बसली. मग तिने मान वर केली.

"सोळा दिवस झाले," ती अधिकाऱ्याला म्हणाली. आवाज तिचा होता, पण इतका मोठा तो कुणी ऐकला नव्हता. "आणि चार वर्षांपूर्वी एकोणीस दिवस. तेव्हा आमचे भावोजी यात पडून गेले. हेच भोक. सगळ्यांनी बघितलंय. मीही बघितलंय. त्या कागदावर लिहिलंय ते सगळं खोटं आहे, आणि तो कागद मी यांच्या घरी नेला होता. मी!"

"अगं, पाटी..." मास्तर पुटपुटले.

"पाटी घाला त्या भोकावर! तेवढी तरी उपयोगाला येईल!" जाऊ ओरडली. आणि मग अधिकाऱ्याकडे हात पसरून म्हणाली, "फॉर्म द्या इकडे."

त्याने दिला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

जावेने तो गुडघ्यावर ठेवला. पोर अजून तिच्या मांडीवरच होतं, हुंदके देत. तिचं अक्षर वाईट होतं, शाळा सुटल्यापासून तिने वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पहिल्या ओळीला ती अडली. पेन हातात तसंच धरून तिने मावशीकडे बघितलं, चार वर्षं सगळी गल्ली बघायची तसं.

मावशीचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता. मास्तरांवरचा नाही, इस्त्रीवाल्यावरचा नाही, या जावेवरचाही नाही, आणि स्वतःवरचा तर नाहीच. पण ती खुर्ची ओढून जावेशेजारी बसली आणि तिने तो कागद वरपासून खालपर्यंत बघितला.

"'झाकण नाही' एवढंच लिही," ती म्हणाली. "आणि खाली नाव घाल. पूर्ण घाल. माझं नको, तुझं."